बाबांचा डावा हात

१२ मार्च, मंगळवार सकाळ

चिमणे,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंचा खोकला गेला असेल, पिल्लू घरभर धुडगूस घालत असेल. इकडे सगळं ठीक.

रविवारी दुपारी तुझ्या बाबांचा आणि माझा कार्यक्रम झाला. टायरच्या जुन्या गोदामाचा आता हॉल केलाय, तिथे. ते गिटारवर, मी माईकपुढे, मागे एक ड्रमवाला, आणि तीच आपली जुनी, दुखऱ्या सुरांची ब्लूज गाणी. हसू नकोस! दोघांच्या वयाची बेरीज केली तर शताब्दी कधीच उलटून गेली. तरी लोक खुर्च्या सोडून नाचले.

तू लहानपणी आमच्या तालमीत गिटारच्या अँपला टेकून झोपायचीस. "हिला गुरगुर ऐकल्याशिवाय झोप लागत नाही," असं तुझी आई म्हणायची. माझ्या मैत्रिणीचं ते हसू अजून कानात आहे. ती गेली आणि आमच्या तालमीही थांबल्या.

आता जरा खाली बस. पावसाळ्यात बाबांचा हात मुरगळल्याचं तुला सांगितलं होतं, ते खरं नव्हतं. अर्धांगवायूचा झटका होता. बोलणं लवकर परत आलं, डाव्या हाताची बोटं मात्र ताठच राहिली. "पोर नोकरी टाकून धावत येईल," म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं होतं. आज त्यांना सांगूनच लिहितेय.

गिटार त्यांनी पलंगाखाली सरकवली होती. संध्याकाळी मी गेले की बाहेर काढायची, ते पुन्हा आत ढकलायचे. एकदा भडकलेच. "अगं, तार दाबायला बोट नाही. वाजवू काय, कपाळ?"

"मग दाबू नका," मी म्हटलं. "घसरवा."

तारेवरून घसरवायची ती स्टीलची नळी त्यांच्या ताठ करंगळीत घट्ट बसली. खांद्यापासून हात हलत होताच. पहिला सूर असा निघाला की शेजारच्या काकूंनी दार ठोठावलं, "मांजर अडकलंय का हो कुठे?" आजारपणानंतर ते तेव्हा पहिल्यांदा हसले.

रविवारी ऐन रंगात नळी निसटली आणि खणखणत स्टेजवर पडली. ते नुसते हाताकडे बघत राहिले. ड्रमवाल्याने ठेका सोडला नाही. मीही तीच ओळ घोळवत खाली वाकले, नळी उचलली आणि त्यांच्या बोटात घातली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "आता लग्नच लावून टाका!" सगळा हॉल हसला. आम्ही दोघं नाही हसलो.

मग मी ओळ टाकायची आणि गिटारने उत्तर द्यायचं, असं सुरू झालं. पूर्वी ते झरझर वाजवून माझ्यावर कुरघोडी करायचे. आता एकच सूर लांबवतात आणि थांबतात, माझ्यासाठी जागा सोडतात.

परतताना गाडीत ते म्हणाले, "तू निघालीस की घर फार मोठं होतं गं." काल मी जाऊन त्यांना सांगितलं, "मी राहायलाच येते."

तुझ्या आईचं कपाट मी उघडणार नाही. तिची जागा मला नको, तिच्या माणसाजवळ बसायचंय. राग आला तर मला बोल, त्यांना नको. सामान अजून बांधलेलं नाही. आधी तुझ्याशी बोलायचंय.

फोनजवळच बसलेली,
तुझी मावशी