चौथ्या पायरीचं पुस्तक

प्रिय टिल्लू,

चाळिशी ओलांडलेल्या, परक्या भाषेत कादंबरी छापून आलेल्या माणसाला टिल्लू म्हणावं की नाही, याचा विचार करत मी बराच वेळ पेन नुसतंच हातात धरून बसले होते. पण दुसरं कुठलंही नाव लिहिलं तर हे पत्र माझ्या भाषासंस्थेतून आल्यासारखं वाटेल, आणि तसं वाटायला नको. तुझं पुस्तक पोचलं त्याला परवा दोन वर्षं झाली. तेव्हा मी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या, ‘मिळालं, आवडलं.’ तू लगेच विचारलं होतंस, बाबांना सांगितलंस का? त्याचं उत्तर मी दिलंच नाही. ते आज देते.

सांगायची वेळच आली नाही. पार्सल आलं तेव्हा मी वर्गावर होते. सही बाबांनी केली आणि कागदही त्यांनीच फाडला. मी घरी आले तर पुस्तक पालथं घालून, मागचा तुझा फोटो चष्मा वर करून बघत बसलेले. ‘टक्कल माझ्यावर गेलंय,’ म्हणाले. एकोणीस वर्षांत तुझ्याबद्दल त्यांनी आपणहून काढलेला हा पहिला शब्द. मग पानं चाळली आणि विचारलं, ‘यात मी आहे का?’ मी म्हटलं, अजून वाचलं नाही. त्या दिवसापासून ते संध्याकाळी फिरायला गेले की मी ओट्याला टेकून, उभ्याउभ्या वाचायची, आणि चार दिवसांत सातव्या प्रकरणापर्यंत वाचलं. तिथून पुढे वाचवेना. मी पुस्तक कपाटात, चादरींच्या खाली ठेवून दिलं.

पुढच्या सोमवारी बाबा माझ्या संस्थेत हजर. हातात नवी वही, दोन टोक केलेल्या पेन्सिली, आणि प्रवेशाचा अर्ज आधीच भरलेला. सगळा जन्म पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेला बहात्तर वर्षांचा माणूस, माझ्या स्पॅनिशच्या पहिल्या वर्गात, पहिल्या बाकावर! मी त्यांना व्हरांड्यात नेऊन म्हटलं, मी वाचून दाखवते की रोज थोडं थोडं. तर म्हणाले, ‘त्याला काय म्हणायचंय ते मला त्याच्याकडूनच ऐकायचंय. तू मधे नकोस.’ सहजच म्हणाले ते. मी अर्जावर सही केली.

माझं काम तुला ठाऊक नसेल. शिकवणं आहेच, पण संस्थेत मला ओळखतात ती पुस्तकं निवडणारी म्हणून. आमच्या वाचनालयात चार फळ्या आहेत, त्यांना आम्ही पायऱ्या म्हणतो. पहिलीवर साठ-सत्तर पानांच्या छोट्या कादंबऱ्या, सगळं वर्तमानकाळात, चित्रं, अवघड शब्दांचे अर्थ पानाच्या तळाशी. दुसरीवर भूतकाळ येतो, पण शब्द मोजूनमापून. तिसरीवर तिकडच्या लोकांसाठी लिहिलेली खरी पुस्तकं, फक्त बेतानं निवडलेली, ज्यात माणसं भरपूर बोलतात, कारण बोलताना कुणी लांबलचक वाक्यं वापरत नाही. चौथीवर सगळं. तुझं पुस्तक चौथीचं. एका दमात तीन तीन भूतकाळ वापरतोस तू. मुलांना मी सांगते, मधलं कुठलंही पान उघडा, न कळणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटा. मूठ पूर्ण मिटली की पुस्तक परत ठेवा. माणूस आणि पुस्तक यांची जोडी जमवण्यात माझा अंदाज सहसा चुकत नाही. म्हणूनच पुढे मी जे केलं ते चुकून झालं, असं मला म्हणता येणार नाही.

मी बाबांना दहा महिने पहिल्या फळीवरून हलू दिलं नाही. बरोबरीचे सगळे वर चढले आणि बाबा आपले हरवलेल्या कुत्र्याच्या गोष्टीवर. ‘कुत्रा शेजाऱ्याकडे आहे हे चौथ्या पानावर कळतं गं, गोष्टीतल्या बाईला कसं कळत नाही?’ असं वैतागायचे. मी म्हणायची, पाया पक्का होऊ दे. शेवटी एके दिवशी ते हट्टालाच पेटले, तेव्हा मी त्यांना शंभर वर्षांपूर्वीची एक जाडजूड कादंबरी काढून दिली. तिच्यातलं एकेक वाक्य पानभर चालतं. दुसऱ्या ओळीलाच त्यांची मूठ मिटणार हे मला पक्कं माहीत होतं. पाच आठवडे ते रोज वाचनालयात येऊन बसत होते. अकरा पानं झाली. दाढी करेनासे झाले, जेवताना बोलेनासे झाले. एकदा वही मिटून म्हणाले, ‘डोकं चालत नाही आता.’ आणि वीस वर्षं शिकवणारी मी, कुठल्याही विद्यार्थ्याला कधी बोलले नसते ते त्यांना बोलले, ‘वय झालं बाबा, सोडून द्या.’

त्यांनी सोडलंही असतं. पण त्यांच्या बाकावर एक नर्स बसायची. तिकडच्या इस्पितळात नोकरी मिळवायची म्हणून शिकत होती. ती माझ्या खोलीत आली आणि दार लावून म्हणाली, ‘मॅडम, रागावू नका. पण आजोबांना तुम्ही हे पुस्तक कसं दिलंत? मी पेशंटला असा डोस दिला तर मला घरी बसवतील.’ मी म्हटलं, त्यांनीच हट्ट केला. तिला कारण कळलं नसेल, पण मी खोटं बोलतेय हे कळलं. तिनंच मग त्यांना दुसऱ्या पायरीवरची एक खुनाची कादंबरी काढून दिली. बाबांनी ती नऊ दिवसांत संपवली, खुनी निम्म्यातच ओळखला, आणि तिला कॉफी पाजली. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पुस्तक मागितलं नाही. वर्षभरात ते तिसरी फळी संपवत आले. मी नुसती बघत होते. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी चादरी काढायला गेले तर खाली पुस्तक नव्हतं.

ते खिडकीजवळच्या टेबलावर होतं. रोज दहा ते एक, चार पानं. शेजारी शब्दकोश, वही. मी येताजाता खुणेची चिठ्ठी किती पुढे सरकली ते बघायची. सातवं प्रकरण एकशे एक्केचाळिसाव्या पानावर सुरू होतं. ऐंशी, शंभर, एकशे वीस. रोज हिशेब करायची, अजून किती दिवस. वर्गात मुलांनी काय विचारलं ते मला ऐकू येत नव्हतं. एकदा ते आंघोळीला गेलेले असताना मी पुस्तक उघडून ती पानं चिमटीत धरली. माझ्या दुसऱ्या हातात ब्लेड होतं. बादलीत तांब्या आपटल्याचा आवाज आला आणि मी ब्लेड खणात टाकून दिलं. एवढी खाली गेले होते मी.

मंगळवारी बाराच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. एका शब्दावर पेन्सिल टेकवलेली होती. म्हणाले, ‘हा बघ. बीनो. बीनो म्हणजे वाइन ना? पहिल्याच धड्यात शिकवलं होतंस. मुलगा, वाइन, आठ दिवसांनी. वाक्य जुळत नाही.’ टिल्लू, तुला माहीतच आहे, त्या शब्दाचा दुसरा अर्थ काय होतो. मी त्या क्षणी ‘हो, वाइनच, पुढे चला’ म्हणू शकले असते. जीभ तिथपर्यंत आलीही होती. मी त्यांच्या खांद्यावरून ते वाक्य पाहिलं आणि म्हटलं, ‘इथे क्रियापद आहे, बाबा. आला. मुलगा आठ दिवसांनी आला.’ बाबांनी वही माझ्याकडे सरकवली. तो अर्थ त्यांनी कालच्या तारखेखाली लिहून ठेवलेला होता. म्हणाले, ‘शब्दकोशात सापडला होता. तुझ्या तोंडून ऐकायचा होता.’ मग विचारलं, ‘म्हणजे तो आला होता?’

सातव्या प्रकरणात काय आहे ते तुला मी सांगायला नको, पण मला ते एकदा माझ्या हातानं लिहू दे. आई गेल्यावर आठ दिवसांनी मुलगा दुपारी घरी येतो. वर्षापूर्वी शिक्षण सोडलं तेव्हा बापानं त्याला ‘पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस’ म्हणून घालवलेलं असतं. बहीण दार वीतभर उघडते. डोळ्यांत पाणी आणून सांगते, ‘बाबा नको म्हणताहेत, जा तू.’ आतून बापाचा खोकला ऐकू येतो. मुलगा जिना उतरतो तो देश सोडूनच जातो. टिल्लू, बाबा घरात नव्हते. मुख्य जलवाहिनी फुटली होती, ते आदल्या रात्रीपासून पंपघरात होते आणि तिसऱ्या दिवशी परतले. खोकला कुणाचाच नव्हता, तो तुला भीतीनं ऐकू आला असेल. माझ्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. तू किती चांगली बहीण लिहिली आहेस रे. वाचताना मला तिचा हेवा वाटला.

दार मी लावलं. मी एकटीनं. आईच्या उशाशी अकरा महिने मी बसले होते, तिकडे शिकायला जायची माझी संधी मी त्यासाठी सोडली होती, आणि तू माझी स्पॅनिशची पुस्तकं घेऊन निघून गेला होतास. मला माहीत होतं, बाबा तुला पाहताच सगळं विसरून मिठी मारतील, आणि मी बाजूला उभी राहीन. ते मला बघवलं नसतं. वाटलं, दोन दिवस कळू दे याला. पण दोन दिवसांनी तू सापडला नाहीस, आणि नंतर रोज ते सांगणं आणखी अवघड होत गेलं. बाबांना मी कधी कळूच दिलं नाही. आईसाठीही पोरगा फिरकला नाही, हे मनात धरून ते एकोणीस वर्षं गप्प राहिले. त्या मंगळवारी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी पुस्तक मिटलं नाही. फक्त म्हणाले, ‘त्यालाही सांग. आधी तू लिही, तुझ्या हातानं. मी आज फोन केला तर तो मला माफ करून टाकेल, आणि तू सुटशील.’ तेव्हापासून ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. रोज विचारतात, टाकलंस का पत्र? चार दिवस मी फाडतेच आहे. हे फाडणार नाही. माफी मागत नाही, तो हक्क मी गमावलाय. खाली बाबांचा फोन नंबर लिहिलाय. ते सकाळी सहाला उठतात आणि त्यांना आता ऐकायला जरा कमी येतं, तेव्हा मोठ्यानं बोल. ते अडखळत स्पॅनिशमध्ये सुरुवात करतील, कारण गेले चार दिवस खिडकीशी बसून तीन वाक्यं घोकताहेत. त्यात एक चूक आहे. मी दुरुस्त केलेली नाही, तूही करू नकोस.

तुझीच, तू म्हणशील तर,
ताई