बाईंच्या समोरचा एक तास

शनिवार, २ मार्च

भेट चौथी. वेळ अकराची, मी दहा चाळीसला हजर. लेक खारू आली अकरा वाजून सात मिनिटांनी. तिची आई दारातूनच परतली, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बाराला भेट बंद, म्हणजे सात मिनिटं गेलीच. घरी आल्याबरोबर लिहून ठेवतो आहे.

खोली तीच. बुटक्या खुर्च्या, चाक निघालेली मोटार, कुणीतरी अर्धवट रंगवलेली पुस्तकं. कोपऱ्यात कोर्टाने नेमलेल्या नोंदवाल्या बाई, मांडीवर वही. बापाने नऊ वर्षांच्या पोरीशी बोलायचं आणि तिसऱ्याने ते उतरवून घ्यायचं. दिवसभर शिलाई मशिनं उघडून बसलो तरी इतकं थकायला होत नाही.

खारूने पत्त्यांचा बंगला केला. पडला. मी हसलो, तीही हसली. पुन्हा खालचे पत्ते तसेच उभे लावले — पुन्हा पडला. कोन चुकतोय, ते मला दिसत होतं. गप्प बसलो. बाईंचं पेन चालूच होतं.

मंगळवार, ५ मार्च

अर्ज पुरा झाला. वकील केला नाही. मशीन दुरुस्ती मला कुणी शिकवली नव्हती, कायदाही ग्रंथालयात बसून मीच शिकलो. अकरा पानं, एक खाडाखोड नाही. मागणी एकच: देखरेख उठवावी, शनिवारी मुलगी दिवसभर माझ्या घरी राहावी. मुद्दा चौथा सगळ्यात भक्कम — एकाही भेटीत माझा आवाज चढलेला नाही, बाईंच्या नोंदी पाहाव्यात.

ताईला वाचून दाखवला. म्हणाली, "छान लिहिलंयस. कोर्ट तुला ओळखत नाही, ते बरंय."

"म्हणजे?"

"काही नाही. चहा गार होतोय. आणि माझ्याकडे असं स्क्रू आवळल्यासारखं बघू नकोस."

सख्खी बहीण म्हणे!

शनिवार, ९ मार्च

भेट पाचवी, वेळेवर. खारूने गणिताची वही दाखवली. दोन भागाकार चुकलेले. मी म्हटलं, "वा." म्हणताना बाईंकडे बघितलं.

बुधवार, १३ मार्च

तारीख होती. न्यायाधीशांनी खारूला एकटीला आत बोलावलं. बावीस मिनिटं. मग मला आणि तिच्या आईला.

"अर्ज नेटका आहे. कुणाकडून लिहून घेतलात?"

"मीच लिहिला, साहेब." छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

मग ते म्हणाले, "मुलीला तुम्हाला भेटायचंय. पण बाई तिथे बसलेल्या हव्यात, असं म्हणते."

"तिला पढवलंय," मी ताडकन बोललो. तिची आई खाली मान घालून बसली होती, तशीच राहिली. न्यायाधीशांनी समोरचा कागद उचलला आणि खारूचे शब्द वाचले. "बाई लिहीत असल्या की बाबा चुका काढत नाही. पत्ते पडले तरी हसतो. घरी तो मला सगळं परत परत करायला लावायचा, हात दुखेपर्यंत."

हात दुखेपर्यंत नव्हे, अक्षर सरळ येईपर्यंत — एवढी दुरुस्ती करायला मी तोंड उघडलं होतं. मिटलं.

अर्ज चालवायचा की नाही, शुक्रवारी सांगायचं आहे.

गुरुवार, १४ मार्च

दुकान उघडलं. एकाही मशिनला हात लावला नाही. दुपारी ताईला फोन केला. "खरंच पढवलं असेल का गं?"

ती म्हणाली, "शाळेला उशीर होत असायचा आणि तू माझी वेणी तीनतीनदा सोडायला लावायचास, भांग वाकडा म्हणून. मला अजून आठवतं. हे मला कुणी पढवलं?"

मला ते आठवत नाही. पण ती खोटं बोलत नाही.

शुक्रवार, १५ मार्च

अर्ज मागे घेतला. कारकुनाने विचारलं, कारण काय घालू? म्हटलं, लिहा — मुलगी खरं सांगते.