साहेबांचा फोन

पुणे

अप्पांना राजेश्वरीचा शरणार्थ.

मी इथं मजेत आहे. आईला चालताना अजून धाप लागते का?

यंदा निवडणुकीत आमदारसाहेबांना पाडायचंच म्हणताय. खरंय, गावच्या दवाखान्याचा पैसा त्यांनीच खाल्ला. अर्धवट भिंतींच्या आत शेळ्या बसतात. म्हणूनच आईचं ऑपरेशन इथं, माझ्या हॉस्पिटलात करायचंय. पण इथं खाट मिळते ती साहेबांच्या फोनवर. मी इथली नर्स, तरी माझं कुणी ऐकत नाही.

भूमहून आलेली एक बाई सकाळपासून वॉर्डाबाहेर बसलीय. तिच्यासाठी कुणाचा फोन आला नाही. मी तिला चहा दिला, खाट देता आली नाही.

आपल्या गल्लीची मतं कुणाला पडली, ते साहेबांना कळतंच. मत त्यांनाच द्या, अप्पा. मला शिव्या आई बरी झाल्यावर द्या.

तुमची,
राजू