करंगळी

बाई, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, आणि आज मला तुमच्यावर रागवायचं आहे. दिघोरीच्या आपल्या जिल्हा परिषद शाळेत तुम्ही आम्हाला करंगळी दाखवायला शिकवलंत. तोंडानं काही बोलायचं नाही, नुसती करंगळी वर केली की तुम्ही मानेनंच ‘जा’ म्हणायच्या. एकदा मला उशीर झाला. सगळा वर्ग हसतो आहे आणि तुम्ही मला हापशीवर नेऊन माझा स्कर्ट धुता आहात, स्वतःचा टॉवेल मला गुंडाळता आहात. वर्गात येऊन एवढंच म्हणालात, “कोन हासून राहिला? तुमच्या पोटात पानी नाही का?” मग कोणी हसलं नाही.

माझी लेक पहिलीला जायची झाली तेव्हा आपल्या शाळेचे नवे सर घरी आले. पोरगी द्या, नाहीतर शाळा राहत नाही, म्हणाले. मी तर द्यायलाच बसले होते. नवऱ्यानं विचारलं, “तुमची पोरगी कोठी जाते, सर?” “कॉन्व्हेंटलाच,” म्हणून सरांनी चहाचा कप खाली ठेवला. तसंही मोहल्ल्यातली सगळी पोरं व्हॅननं कॉन्व्हेंटला जातात. हिनं एकटीनं कोणाशी खेळायचं? आम्ही तिचं नाव कॉन्व्हेंटात घातलं.

करंगळी मीच शिकवली तिला, तुमचीच. तिथं ती चालत नाही, इंग्रजीत अख्खं वाक्य म्हणून विचारावं लागतं. तिनं करंगळी वर केली, मिसनं वाक्य मागितलं, तिला ते आठवेना. व्हॅनमधून उतरली तेव्हा युनिफॉर्म अंगावरच वाळला होता. जवळ घेतलं तर म्हणाली, “मी आता शाळेत पानीच पीत नाही. मंग विचारावंच लागत नाही.”

लघवीत जंतू झाले, पाणी भरपूर पाजा, असं डॉक्टर म्हणाले. आपल्या शाळेला कुलूप लागलं आहे, बाई. तुम्ही आम्हाला इतकं सोपं का शिकवलंत? हा राग तुमच्यावर नाही काढायचा तर कोणावर काढू?

ते वाक्य मी रोज तिच्याकडून घोकून घेते. घरी ती घडाघडा म्हणते. बाटली मात्र संध्याकाळी भरलेलीच परत येते. नवरा विचारतो, पोरगी पाणी पिते ना. खरं सांगितलं तर दोघांना बसून ठरवावं लागेल, आणि ठरवायला आता गावात दुसरी शाळा नाही. मी हो म्हणते, आणि तो बाहेर गेला की बाटली तुळशीत ओतून टाकते.