सईच्या खोलीतली थंडी

६ नोव्हें. २०१६, रविवार
दुपारी सईचा व्हिडिओ कॉल. लीड्समध्ये तेव्हा सकाळ. नाक लाल, स्वेटरवर स्वेटर. कॉलेजजवळ एका बाईंच्या घरी वरची खोली घेतलीय. खिडकीखाली रेडिएटर आहे, पांढरी लोखंडी पेटी, आतून गरम पाणी फिरतं. बाई कालपासून सकाळी नि संध्याकाळी हीटिंग लावतात, रात्री बंद. तरी खोली गारच. "ममा, नॉब फाइव्हवर आहे. फुल. स्टिल सो कोल्ड लाह!" तिकडे जाऊनही इथलं 'लाह' सुटलेलं नाही.
मिलिंद मागून ओरडला, "बाबाचं ऐक, फॅनच्या रेग्युलेटरसारखं असणार. फुलच ठेव."
मी म्हटलं, संध्याकाळी हीटिंग सुरू झालं की गोधडी त्या पेटीवर पसरून ठेव, झोपताना ऊब मिळेल. माझ्याच जुन्या साड्यांची गोधडी, नाशिकहून शिवून आणलेली. सईला कल्पना आवडली.
फोन ठेवून इथे बुकित बातोकला पंख्याखाली घाम पुसत बसले. तिथली थंडी डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

९ नोव्हें., बुध.
ऑफिसला जाताना मेट्रोत मोबाइलवर वाचत होते. रेडिएटरच्या नॉबच्या आत मेण असतं म्हणे. हवा तापली की ते फुगतं आणि गरम पाण्याची वाट बंद करतं. हवा गार झाली की आक्रसतं, वाट उघडते. वरचे आकडे म्हणजे वेग नाही, किती ऊब झाली की थांबायचं ते. पाचवर ठेवलं म्हणून खोली लवकर तापत नाही. मि.चा रेग्युलेटर बाद!
एवढंसं मेण, आणि अख्ख्या खोलीची काळजी त्याच्यावर. वाचता वाचता माझं स्टेशन, बुओना व्हिस्टा, मागे गेलं. पुढच्या कॉमनवेल्थला उतरून उलट आले. ऑफिसला उशीर.

१३ नोव्हें., रवि.
सई म्हणाली, डिसेंबरच्या सुट्टीत येते ती परत जाणार नाही. झोप नाही, सारखी थंडी, अभ्यासात लक्ष नाही. मि. चिडला. "निदान पहिलं वर्ष तरी काढ! थंडीला घाबरून डिग्री सोडतं का कुणी?"
मी तिची बाजूही घेतली नाही, त्याचीही नाही. संध्याकाळी तिच्या खोलीत उगाच गेले. पलंगावर चादर घातली, खिडकी उघडली. गुणगुणत होते हे नंतर लक्षात आलं. मि.ने ऐकलं की काय...

१६ नोव्हें., बुध.
पहाटे स्वप्न. बुकित बातोकचाच आमचा फ्लॅट, पण भिंतीभिंतीतून गरम पाणी वाहतंय. मी भिंतीला कान लावून त्याच्यामागे चाललेय, स्वयंपाकघर, हॉल, पॅसेज. सईची खोली शेवटची. तिथे पोचेपर्यंत पाणी गार. उठले तर पाऊस पडत होता आणि पाय गारठले होते.

१७ नोव्हें., गुरु.
आज कळलं!
ऑफिसात मी दिवसभर शाल घेऊन बसते, सगळे चेष्टा करतात. हल्ली तर एसी थांबायचं नावच घेत नाही. आज प्रिंटआउट घ्यायला गेले आणि हात गारठले म्हणून प्रिंटरमागच्या गरम हवेत धरले. वर पाहिलं तर तिथेच भिंतीवर एसीचा थर्मोस्टॅट. मोठा प्रिंटर मागच्या महिन्यात त्याच्याखाली हलवला. हा दिवसभर छापतो, तो बिचारा दिवसभर समजतो की ऑफिस तापलंय. त्याला ऑफिस कुठे माहीत असतं? त्याच्या नाकासमोरची हवा तेवढी माहीत.
आणि तिथे उभ्या उभ्या गोधडी आठवली. संध्याकाळी हीटिंग चालू असताना पेटीवर पसरलेली, नॉबसकट. आत ऊब कोंडते, नॉबला वाटतं खोली तापली, पाणी बंद. सई झोपताना गोधडी उचलते तोवर हीटिंगच बंद झालेलं. उलटा घोटाळा, पण घोटाळा तोच. पहिल्या दिवशी घर तापायचं होतं, पुढची थंडी गोधडीची. सल्ला माझा.
लगेच मेसेज करायला मोबाइल काढला. केला नाही.

१८ नोव्हें., शुक्र.
अजून सांगितलेलं नाही. मि.लासुद्धा नाही. सांगितलं तर खोली गरम होईल आणि ती राहील. नाही सांगितलं तर येईल. मला ती घरात हवी आहे. तिचे ओले टॉवेल, अर्धवट मराठी, फ्रिजचं दार उघडं टाकून उभं राहणं, सगळं हवं आहे.
ऑफिसातून येताना पार्कातल्या तळ्याशी बसले. पाणी हिरवं, हलत नव्हतं. काही ठरलं नाही, डास मात्र चावले.

१९ नोव्हें., शनि.
तिचा फोन. खोकत होती. घोगरा आवाज ऐकला आणि माझं सगळं राजकारण गळून पडलं. सांगून टाकलं: "गोधडी काढ. नॉब मोकळा ठेव, त्यावर काही टाकू नकोस. पाच कशाला, तीन पुरे."
"दॅट्स ऑल? सीरियसली, ममा?"
"हो. आणि काढा पी."

२० नोव्हें., रवि.
सईचा फोटो आला. टी-शर्टमध्ये, काचेवर वाफ, काचेवर बोटाने काढलेलं हसरं तोंड. मि. दिवसभर खूश. त्याने बहिणीला फोन करून सांगितलं, आमच्या हिने इथे बसून लीड्सची खोली तापवली! मलाही अभिमान वाटला. मग कोथिंबीर निवडताना रडू आलं, ते आवरेना.

२३ नोव्हें., बुध.
सईचा फोन, मधल्या वारी. मी घरी पोचले होते, मि. यायचा होता.
"आई, खोली छान गरम आहे. रात्रीपण. आता थंडी नाही वाजत."
'आई' म्हणाली, 'ममा' नाही. एकही इंग्लिश शब्द नाही.
"तरी मला घरी यायचंय."
का, विचारलं. म्हणाली, माहीत नाही. कोणी काही बोललं का, पेपर वाईट गेला का, मैत्रिणी नाहीत का, सगळं विचारलं. प्रत्येकाला नाही.
इतके दिवस ती यावी म्हणून झुरत होते. आता ती येते म्हणतेय आणि मला भीती वाटतेय.
शेवटी तिनेच विचारलं, तिकीट नुसतं येण्याचं काढू की परतीचंही?
मी म्हटलं, उद्या सांगते.