दारात उभं राहायचं प्रकरण

मंगळवार, संध्याकाळ

दुपारपासून त्या लढाईच्या व्हिडिओ गेमवरची लोकांची मतं वाचून राह्यलो. जो तो शेवटच्या दारावर चिडलेला. शिपाई लढाईहून घरी येतो, आत माय झोपलेली, अन् नुसतं दारात उभं राहायचं. "बंदूक कशाला दिली मंग?" म्हणे. माझ्या कादंबरीतबी असंच दारातलं एक प्रकरण आहे. बिलकुल काढूनच टाकणार होतो.

तेवढ्यात मावसभाऊ गण्या भोकरदनहून आला, मी सोडला होता तिथून तोच गेम खेळायला बसला. गोष्टबिष्ट बघत न्हाई तो, दिसंल त्याला गोळ्या घालतो. पण त्या शेवटच्या दारापाशी थांबला. मी म्हणलं, "चल की पुढं."

"हळू बोल बे, म्हातारी उठंल."

हुश्श! राहू दे ते प्रकरण. अन् मीबी मंग हळूच बोलून राह्यल्तो.