मामा जिवंत आहे

तेउइला,

टारोचा कंद उकडून झाकून ठेवलाय, खाऊन घे. मी आपियाला बँकेत जातेय, खातं बंद करायला.

सकाळी फोन आला, फामानूमामा गेला म्हणून. बोलणारा रडत होता. सगळ्या नातेवाइकांची मदत गोळा करतोय, बँकेकडून फोनवर आलेला नंबर तेवढा सांगा, म्हणाला. आपल्यात मयताच्या घरच्याला 'तू कोण रे?' असं कुणी विचारतं का? मी सांगून टाकला. 'तो नंबर कुणालाच द्यायचा नाही' म्हणून तू किती ओरडली होतीस, तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

मग रीतीप्रमाणे मयताच्या घरी भेट द्यायची म्हणून आजीची ठेवणीतली चटई काखेत मारली आणि रडत रडत मामाचं घर गाठलं. दार मामानंच उघडलं. तोंडात पाव.

"कोण गेलं गं?"

मी म्हटलं, "तू."

तो पोट धरून हसला. मी तिथंच पायरीवर बसून फोनवर खातं बघितलं. तुझ्या नर्सिंगच्या फीचे पैसे होते ना, ते सगळे गेले. तुझ्यासमोर बसून सांगायचं धाडस झालं नाही.

यापुढे माझ्या नावानं कुणी काही मागितलं तर देऊ नकोस. मी मेले असं कुणी सांगितलं, तरी आधी येऊन बघ.

आई